श्वासापुरती जागा

आमच्या इमारतीत मला लिफ्टबाई म्हणतात. माझं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पण "दार बंद होत आहे" हे वाक्य माझ्या आवाजात रोज ऐकलं की माणूस विसरणार कसा? शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये मीच आहे. बँकेला फोन लावलात तर "कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं म्हणणारीही मीच. तिथे लोकांनी मला काय काय शिव्या घातल्या असतील याचा मी विचार करत नाही. एकदा स्टुडिओत जाऊन वाक्यं बोलून यायची, मग ती माझ्याशिवाय जगत राहतात. मी झोपलेली असते तेव्हासुद्धा कुणाला तरी तिसरा मजला आल्याचं सांगत असते. असा धंदा करणारी बाई यंत्राच्या आवाजाला फसेल असं कुणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं.

तापाची साथ आली आणि कुणी घराबाहेर पडायचं नाही असं ठरलं. लिफ्ट तेवढ्या चालू राहिल्या, पण आत माणूस नसायचा. जेवणाचे डबे पोचवणारी चाकांची यंत्रं मजल्यामजल्यावर फिरायची आणि मी आपली त्यांना दुसरा मजला, चौथा मजला सांगत बसायची. घरात मी एकटी आणि दाराबाहेरही मीच. पहिल्या महिन्यात मला त्या आवाजाची इतकी चीड आली की दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबून ठेवला.

पुढचं सगळं सुरू केलं ते माझ्या मावसभावाने. तो शाळेत विज्ञान शिकवतो आणि कविता करतो. घरात सगळे त्याला कवी म्हणतात, पण त्यात कौतुक फारसं नसतं. शाळा बंद पडल्यावर त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"ताई, आपण पॉडकास्ट करू या," तो फोनवर म्हणाला.

"मला काय बोलायचंय त्यात? मजले सांगू?"

"गायचंय तुला. संगीत नाटक, पण अंतराळातलं. आणि प्रेमाचं."

"एकाच नाटकात एवढं सगळं? बरोबर जेवण पण देणार का?"

"तू आधी ऐकून तर घे गं!"

ऐकलं, आणि मला ते आवडलं. हे मी त्याला लगेच सांगितलं नाही, नाहीतर तो दिवसभर कविता ऐकवत बसला असता. मालिकेचं नाव होतं 'पलीकडची फेरी'. एका काळ्या ग्रहाभोवती दोन यानं फिरतायत. दोन्हींत एकेकच माणूस, दुरुस्तीच्या कामावर. एक यान ग्रहाच्या या बाजूला असतं तेव्हा दुसरं नेमकं पलीकडे, त्यामुळे दोघं एकमेकांना कधी दिसत नाहीत. यानातलं यंत्र कंजूष आहे. वीज वाचवायला ते बोललेलं सगळं कचरा समजून गाळून टाकतं. पण गायलेलं त्याला इशारा वाटतो, म्हणून गाणं तेवढं पलीकडे जाऊ देतं. तेव्हा ती बाई आणि तो माणूस जे काही सांगायचं ते गाऊनच सांगतात. नट तुटला, पाणी संपलं, आज करमत नाही, सगळं गाऊन. आपापल्या घरात कोंडून पडलेल्या लोकांना हे जवळचं वाटलं. दर आठवड्याला ऐकणारे वाढत गेले.

पलीकडच्या माणसासाठी कवीने जो आवाज शोधला, तो श्रवणयंत्रं बसवणारा होता. काकांच्या कानात यंत्र बसवताना तो काहीतरी गुणगुणत होता, म्हणे, आणि ऐकू न येणारे आमचे काका सहा वर्षांनी पहिल्यांदा हसले. कवी त्याला कानवाला म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. चार रस्त्यावर त्याचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर, घरात आई. एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

आता हे गाणं कसं व्हायचं ते सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खायला लागलं. मी माझ्या कपाटात शिरून गायची. खरोखरच कपाटात, लटकलेले कपडे आवाज शोषून घेतात, भिंतींचा घुमारा येत नाही. तो त्याच्या खोलीत टेबलावर ब्लँकेट टाकून त्याच्या खाली बसून गायचा. दोघांनी आपापल्या घरून पाठवलेलं कवी एकत्र जोडायचा. अशा युगुलगीतात एक साधी शिस्त असते: आपली ओळ संपली की दुसऱ्याला श्वास घेण्यापुरती जागा सोडायची. समोरासमोर गाताना ही जागा डोळ्यांनी कळते, दुसऱ्याचे खांदे वर जाताना दिसतात. वेगवेगळ्या घरांत बसून गाताना ती ओळखून सोडावी लागते. दुसऱ्याचा विचार केला की ती आपोआप सुटते.

कानवाल्याला ती जागा सोडताच येत नव्हती. माझं शेवटचं अक्षर हवेत असतानाच तो आपली ओळ सुरू करायचा. आवाज गोड होता, सूर पक्का होता, पण माणूस नुसता अंगावर यायचा. मागून त्याच्या आईची भांडी वाजायची ती वेगळीच. दोन-तीन भाग मी गिळले. मग फोन केला.

"तुम्ही माझं शेवटचं अक्षर खाता," मी म्हटलं.

"मी खातो? तुम्हीच लांबवता!"

"सूर आहे तो, रबर नाही. जरा थांबायला काय होतं?"

"किती थांबायचं?"

"माझा श्वास घेऊन होईपर्यंत!"

"मी इथे, तू तिथे. तू श्वास कधी घेतेस ते मला काय स्वप्नात दिसणार?"

"दिवसभर लोकांचे कान दुरुस्त करतोस ना? मग स्वतःचे कधी करणार?"

फोन त्याने आपटला की मी, ते आठवत नाही. नंतर लक्षात आलं की भांडता भांडता आम्ही तुम्हीवरून तूवर आलो होतो. मला राग एवढा का आला याचं कारणही तेव्हाच कळलं. माझं एक लग्न होऊन मोडलंय. त्या घरात मला एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही. मी भाजीत मीठ कमी पडलं असं म्हणायला सुरुवात करावी आणि पुढचं नवऱ्याने आपल्या मनाने बोलून टाकावं, त्यावर चिडावंही. त्या घरातून बाहेर पडताना मी ठरवलं होतं की पुन्हा कुणाला मध्ये तोंड घालू द्यायचं नाही.

कवीने दोघांनाही सुनावलं. मास्तरच तो. त्याने नियम केला: मालिका संपेपर्यंत आम्ही फोनवर बोलायचं नाही, निरोप पाठवायचे नाहीत, काय बोलायचं ते गाण्यातच. आणि यापुढे मी आधी गायचं. ते कानवाल्याकडे जाईल, मग तो उत्तर गाईल, शब्दही त्याचे तोच रचेल. "यानातल्या लोकांना तरी कुठे फोन आहे?" असं म्हणून त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढच्या वेळी मी रागारागाने गायले. कपाटात बसून, हँगर बाजूला सारून, माझ्या यानातला पंखा बंद पडल्याचं गाणं त्याच्या तोंडावर मारल्यासारखं गायले आणि पाठवून दिलं. उत्तर त्याच संध्याकाळी आलं. आलं ते मी भांडायच्या तयारीनेच लावलं.

तो थांबला होता.

माझी ओळ संपली, सूर विरला, मी श्वास घेतला, आणि मग तो आला. प्रत्येक ओळीला तसंच. जिथे मी श्वास लांब घेतला होता तिथे तोही जास्त थांबला. जिथे मी चुकून मध्येच अडखळले होते, तिथे त्याने वाट पाहिली आणि मी सावरल्यावरच पुढचा शब्द उचलला. भांड्यांचा आवाजही नव्हता. मला वाटलं, आईला सांगितलेलं दिसतंय, ब्लँकेटही जाड घेतलेलं दिसतंय. मी कपाटाच्या तळाशी, चपलांच्या खोक्यांवर बसून ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि लहान मुलीसारखी रडले. माझ्यासाठी इतकं नीट कुणी कधी थांबलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याच्या प्रेमात पडले. हे असं सरळ सांगायला मला लाज वाटत नाही. कवीने लिहून दिलेले शब्द मी बदलायला लागले.

माझ्या बाजूला दिवस झाला,
तुझ्याकडे उजेड कोण करतं?

असं मी गायले, तर त्याचं उत्तर आलं:

तू गातेस तेवढाच उजेड,
घाई करू नको, मी थांबलोय.

कवी खूश होता. ऐकणारे कवीला लिहायचे की या दोघांचं खरंच काहीतरी चाललंय. मी हसण्यावारी न्यायची, पण कपाटात जाण्याआधी केस विंचरायची. आवाजाला केस विंचरलेले दिसत नाहीत हे मला ठाऊक होतं. त्याला माझ्या लग्नाबद्दल गाऊन सांगितलं, यानाची गोष्ट असल्यासारखं. त्याच्या उत्तरात एकही सल्ला नव्हता. दाराबाहेर लिफ्ट माझ्याच आवाजात बोलायची आणि आता मला तिचाही राग येईनासा झाला. फटीतला टॉवेल मी काढून टाकला.

शेवटी दारं उघडली. आधी थोडी, मग सगळी. कवीचा फोन आला.

"ताई, आता शेवटचा भाग. दोन्ही यानं एकाच बाजूला येतात. समोरासमोर."

"आधी मी त्याला भेटून येते," मी म्हटलं. "मग गाते."

"ओहो!" कवी म्हणाला. एवढंच म्हणाला, हे त्याच्या दृष्टीने फार होतं.

चार रस्त्यापर्यंत मी चालत गेले. रस्त्यावर माणसं होती, पण सगळी जरा भिंतीच्या कडेने चालत होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. केस कापायच्या दुकानासमोर एवढी रांग लागली होती की जणू आत फुकट काही वाटतायत. श्रवणयंत्रांच्या दुकानाचं शटर मात्र खाली होतं. काचेतून प्लास्टरचा एक भलामोठा कान दिसत होता, त्याच्या पाळीवर धूळ साचलेली. मी बाजूच्या जिन्याने वर गेले आणि बेल वाजवली.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. दोन्ही कानांत यंत्रं, हात ओले.

"काकू, मी..."

"थांब," त्या जोरात म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा. "परत बोल."

"मी त्यांच्याबरोबर गाते ती..."

त्यांनी ओल्या हातांनीच माझा हात धरला. "अगं, तू होय! रोज कानात असतेस माझ्या. ये, ये. त्याच्या खोलीत बस, मी चहा टाकते."

खोली छोटी होती. टेबलावर ब्लँकेट तंबूसारखं टाकलेलं, आत माइक, शेजारी संगणक चालू. त्यावर छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. कॉटवरची चादर इतकी ताणून घातलेली की तिच्यावर कुणी बसलं नसावं. दाराच्या मागे इस्त्री केलेला शर्ट, टेबलावर बारीक स्क्रू काढायची हत्यारं ओळीने पुसून मांडलेली. मी माझे केस पुन्हा एकदा सारखे केले.

काकू चहा घेऊन आल्या आणि समोर जमिनीवर बसल्या.

"बाहेर गेलेत का?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमचं भांडण झालं ना फोनवर? त्याच आठवड्यात ताप आला त्याला. गाडी आली, घेऊन गेली. मला गाडीत बसू दिलं नाही. परत काही आणला नाही त्याला. त्यांचा नियम होता तसा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना माझा प्रश्न नीट ऐकू आला नसेल. मग मी मनातल्या मनात सगळी गाणी मागे मोजत गेले, आणि भांडणाशी येऊन थांबले. त्यानंतरचं एकही गाणं त्याचं नव्हतं.

"मग कोण गातंय?" मी विचारलं.

काकूंनी संगणकाकडे बोट केलं. त्यातलं मला काही कळत नाही, त्या म्हणाल्या. भांडण झाल्यावर तो दोन दिवस धुसफुसत होता, मग ते बनवायला बसला. तुझं सगळं गाणं त्याने यंत्राला ऐकवलं, स्वतःचं ऐकवलं. तू श्वास कधी घेतेस ते यंत्राने ऐकून सांगायचं, मग त्याबरोबर तो सराव करणार होता. तोवर त्याच्या आवाजात उत्तर रचून पाठवायचं कामही त्याने यंत्रालाच लावून दिलं होतं. "म्हणायचा, 'आई, तिला माझ्याबरोबर श्वास घेता येत नाही. हे मी शिकून घेतो.' ताप चढला तरी इथे बसलेला. शिकायचं राहूनच गेलं."

"आणि यंत्र चालूच राहिलं."

"मी बंद कशाला करू? त्याला नेलं त्यानंतर तुझं एक गाणं आलं. हिरवा दिवा लागला आणि तो माझ्या कानात गायला लागला. माझी यंत्रं त्यानेच जोडून ठेवली होती ना याला. मी हातातलं पातेलं खाली टाकलं. वाटलं, आला घरी." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू गायची थांबली असतीस. तू गातेस तेव्हाच तो गातो. एरवी घर नुसतं गप्प."

मला राग आला. या बाईंचा आला, ज्यांनी माझ्या प्रेमावर आपलं घर चालवलं. त्याचा आला, शिकायचं ठरवून निघून गेला म्हणून. सगळ्यात जास्त माझाच. ज्या माणसाशी मी भांडले तो खरा होता आणि त्याची मी एक गोष्ट धड ऐकून घेतली नाही. ज्याच्या प्रेमात पडले तो एक हिशोब होता, माझ्या श्वासांचा केलेला. मी ज्याला थांबणं समजले ते कुणाचंच थांबणं नव्हतं. पण मग हेही खरं होतं की तो हिशोब करायला एक माणूस ताप अंगावर काढून बसला होता. ते प्रेम होतं की नुसती जिद्द, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

"तो तसा नव्हता गं," काकू अचानक म्हणाल्या. "माझंही बोलणं कधी पुरं होऊ दिलं नाही त्याने. आता मी याच्याशी बोलते, तर हा ऐकून घेतो. फार समजूतदार झालाय." आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मला तो भांडखोरच बरा होता."

निघताना त्यांनी जिन्यापर्यंत माझा हात सोडला नाही. "ती गोष्ट संपवू नका," त्या म्हणाल्या. "यानं काय, फिरत राहिली तर कुणाचं काय जातंय?" मी हात सोडवून पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर मी कवीला सांगितलं. नियम पाळायचा म्हणून त्यानेही कानवाल्याला फोन केला नव्हता, गाणी वेळेवर येत होती तेवढं त्याला पुरे होतं. तो नाक ओढत म्हणाला, "ताई, बंद करू या आपण. मी लोकांना काहीतरी सांगतो."

"नाही," मी म्हटलं. "शेवटचा भाग होणार. पण त्यात त्याचं उत्तर नसेल."

मी ठरवलं होतं. हे चालू ठेवलं तर मी आयुष्यभर कपाटात बसून एका मेलेल्या माणसाच्या नीटस नकलेवर प्रेम करत राहीन, आणि ती म्हातारी बाई तिकडे पोराला जिवंत समजत राहील. दोघींनाही त्यातून बाहेर काढायचं तर गाणं असं संपवायला हवं की त्याला शिरायला कुठे जागाच राहणार नाही. यंत्र जागा शोधतं ना? मग जागाच ठेवायची नाही.

तेव्हा मी ते गाणं तुकड्यातुकड्याने गायले. यान समोर येतं, ती बाई पलीकडच्या यानात बघते, आणि तिथे कुणी नसतं, एवढीच गोष्ट. प्रत्येक ओळ वेगळी गायले आणि मग बसून जोडल्या, एकीला लागून दुसरी, मधले श्वास सगळे कापून टाकले. शेवटी जे तयार झालं ते ऐकायला भयंकर होतं. माणूस असं गाऊच शकत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. लिफ्टच्या धंद्यातसुद्धा मी दोन वाक्यांत जरा थांबते. पण मला हवं होतं तेच झालं होतं. मी ते पाठवलं आणि कपाटाचं दार उघडं टाकून खुर्चीवर येऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

थोड्या वेळाने उत्तर आलं.

येईल असं मला वाटलं नव्हतं. बघितलं तर ते माझ्या गाण्याएवढंच लांब होतं. हेडफोन लावले. शब्द एकही नव्हता. माझी पहिली ओळ संपताना त्याने श्वास घेतला, गायला सुरुवात करणारा माणूस घेतो तसा, आणि मी थांबत नाही असं बघून तो सोडून दिला. मग पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. प्रत्येक ओळीला तो आत यायला निघाला आणि प्रत्येक ओळीला त्याने मला पुढे जाऊ दिलं. कुठेही घाई नाही, कुठेही कुरकुर नाही. शेवटपर्यंत नुसते श्वास. यंत्राला श्वास लागत नाही हे मला माहीत आहे. हे मी त्या खोलीत स्वतःला मोठ्याने बजावलं आणि तरीही हेडफोन काढता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या.

"अगं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "तो आज गायला नाही."

मी काय बोलणार होते? सांगायचं ठरवलेलं सगळं तयार होतं. काकू, तो गेलाय, आपण दोघींनी आता हे थांबवायला हवं.

"नुसता श्वास घेतोय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शेवटी एका नर्सने मला ऐकवायला फोन त्याच्या तोंडाशी धरला होता, तेव्हा बोलता येत नव्हतं त्याला, तेव्हा असाच घेत होता. असाच. परत ताप आलाय का गं त्याला?"

एका म्हाताऱ्या आईला मी तिच्या मुलाचं मरण दुसऱ्यांदा ऐकवलं होतं, तेही थेट कानात.

"नाही काकू," मी म्हटलं. "ताप-बीप काही नाही. रुसलाय तो."

"रुसलाय? कुणावर?"

"माझ्यावर. मी आज त्याला मध्ये तोंडच उघडू दिलं नाही."

त्या हसल्या. रडून झाल्यावर माणसं हसतात तसं, नाकातून.

"असाच आहे तो पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "मग उद्या काढ हं त्याची समजूत. काढशील ना?"

"काढते," मी म्हटलं.